लक्ष्मण दमोहचा, भरत नागपूरकडचा, मध्ये आमचं कांचघर

रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेतला लक्ष्मण दमोहचा आणि भरत नागपूरकडचा. मध्य भारताचा नकाशा काढा, या दोन गावांमध्ये रेघ ओढा. ती जबलपूरच्या थोडी पश्चिमेकडून जाते. जबलपूरच्या कांचघर वस्तीत, मराठी घरात वाढलेल्या माझ्यासारखीला यापेक्षा मोठी श्रीमंती कुठली? एक भाऊ आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा, दुसरा आमच्या आजोळच्या वाटेवरचा. त्या दोघांनी टीव्हीवर एकाच दादावर जीव ओवाळून टाकला आणि आम्ही त्या चौघा भावांवर.

तर ही त्या भावांची, त्यांच्या नटांची आणि त्यांच्या आजूबाजूच्या मंडळींची खबरबात. जी मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, ती सगळी.

बावन्नचे अठ्ठ्याहत्तर

पहिला भाग लागला 25 जानेवारी 1987 ला, रविवारी सकाळी साडेनऊला. शेवटचा 31 जुलै 1988 ला. आधी ठरले होते 52 भाग, पण लोकांनी सोडलं नाही म्हणून ते वाढत वाढत 78 वर गेले. कांचघर म्हणजे कारखान्यांच्या वाटेवरची वस्ती. पलीकडे घमापूर, सतपुला आणि पुढे 1904 पासूनचा गन कॅरेज कारखाना, जिथे आता सैन्यासाठी 'धनुष' तोफ बनते. त्यामुळे गल्लीत हिंदी, बंगाली, पंजाबी, मलयाळी, मराठी अशी सगळी घरं. रविवारी साडेनऊला या सगळ्यांच्या चपला एकाच दाराशी. टीव्हीची लाकडी सरकती दारं उघडायचा मान घरातल्या मोठ्या माणसाचा. आजी आधी टीव्हीला हळद-कुंकू लावायची, मग स्वतः खाली बसायची. राम समोर असताना ती खुर्चीवर बसणार नाही म्हणजे नाही.

आपला दमोहचा पोरगा

सुनील लहरी. दमोह जबलपूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. म्हणजे आमच्याकडे कुणाची ना कुणाची तरी सासुरवाडी दमोहची असतेच, आणि 1987 मध्ये त्या प्रत्येकाचं लहरींच्या घराण्याशी काही ना काही नातं निघत होतं!

गंमत ही, की लहरींना आधी घेतलं होतं शत्रुघ्नासाठी. लक्ष्मण करणार होते शशी पुरी. त्यांनी काम सोडलं आणि सागरांनी लहरींना वर सरकवलं, असं लहरींनीच मुलाखतींत सांगितलं आहे. विचार करा, तो फणकारा, त्या फुगलेल्या नाकपुड्या, परशुरामासमोर एक पाऊल पुढे टाकून उभं राहणं, हे सगळं शत्रुघ्नाच्या वाट्याच्या चार वाक्यांत वाया गेलं असतं.

राम-लक्ष्मणाची जोडी पडद्यावर नवी नव्हती. सागरांच्याच 'विक्रम और बेताल'मध्ये 1985 साली अरुण गोविल विक्रम होते आणि त्याच मालिकेच्या गोष्टींमध्ये सुनील लहरी, दीपिका चिखलिया, समीर राजडा, अरविंद त्रिवेदी ही मंडळीही झळकली होती. म्हणजे राम, सीता, लक्ष्मण, शत्रुघ्न आणि रावण, सगळ्यांची ओळख वनवासाच्या आधीपासूनची.

आणखी एक, जबलपूरसारख्या फौजी गावाला अभिमान वाटावा अशी गोष्ट. रामायणानंतर चेतन आनंद यांच्या 'परमवीर चक्र' मालिकेत लहरींनी सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे रंगवले. राणे बॉम्बे सॅपर्सचे, कारवारकडचे. 1948 मध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढत आणि अडथळे हटवत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला. रामासाठी वनातली वाट काढणारा लक्ष्मण पुढे सैन्यासाठी वाट काढणारा राम झाला, हे मला फार आवडतं.

आणि आपला भरत

आता मुख्य माणूस. संजय जोग.

आमच्या घरात दोन पक्ष होते. मी लक्ष्मणाची, दादा भरताचा. "लक्ष्मण गेला रामाबरोबर, त्यात काय? त्याला दादा रोज दिसत होता. भरत एकटा राहिला," हा त्याचा मुद्दा. मी तेव्हा भांडायचे. आज मला तो मुद्दा पूर्ण पटतो.

संजय जोग 1955 चे, मराठी चित्रपटातले उमदे नट. नागपूरकडे शेती, मुंबईत सिनेमा. त्यांना आधी लक्ष्मणासाठीच विचारलं होतं, पण इतर चित्रपटांच्या तारखा आड आल्या आणि भरताचं काम कमी दिवसांचं म्हणून ते जमलं, असं सांगतात. म्हणजे ज्या दोन भावांवरून आमच्या घरात भांडणं होत होती, त्या दोघांच्याही नटांना आधी वेगळ्याच भूमिकेसाठी विचारलं होतं.

कमी दिवसांचं काम, पण काय काम! भरत चित्रकूटला येतो तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. धुळीचा लोट दिसतो, सैन्य दिसतं आणि लक्ष्मणाच्या डोक्यात पहिला विचार येतो, हा आपल्यावर चालून आला. तो धनुष्य उचलतो, राम त्याला आवरतो. सख्ख्या भावांमधला संशय किती सहज उगवतो हे त्या एका क्षणात दिसतं. आणि मग येतो भरत. अनवाणी, राजपुत्राचा थाट उतरवलेला, डोळे सुजलेले. तो काही बोलायच्या आधीच लक्ष्मणाचा राग गळून पडतो. पुढे जे होतं त्याला भांडणच म्हणायचं, पण उलटं. एक म्हणतो राज्य तुझं, दुसरा म्हणतो तुझं. कुणीच घ्यायला तयार नाही. गावात शेताच्या बांधावरून, घराच्या एका खोलीवरून वर्षानुवर्षं कोर्टात चकरा मारणारे भाऊ सगळ्यांनी पाहिलेले. त्या गल्लीतली मोठी माणसं हा भाग बघताना एकमेकांकडे बघत नव्हती, ते यामुळेच.

शेवटी भरत पादुका मागतो आणि त्या मस्तकावर घेतो. संजय जोग ते कसं करतात ते नीट पाहा. पादुका उचलताना हात सावकाश, जणू झोपलेलं बाळ उचलावं. डोक्यावर ठेवल्यावर मान ताठ, कारण आता त्यांना हलू द्यायचं नाही. आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नाही. त्यांनी ते तसंच वाहू दिलं आहे. आजी इथे पदर तोंडाला लावायची आणि दादा उठून आत पाणी प्यायला जायचा.

पुढची चौदा वर्षं भरत अयोध्येत राहतच नाही, नंदिग्रामला राहतो, हे बरेच जण विसरतात. राज्य करतो, पण वनवाशासारखं. म्हणजे वनवास एकाचा नव्हता.

संजय जोग 27 नोव्हेंबर 1995 ला गेले. वय फक्त चाळीस. दूरदर्शनने 2020 मध्ये मालिका पुन्हा दाखवली तेव्हा त्यांना ओळखायला आलेली एक अख्खी नवी पिढी होती आणि ते नव्हते.

चित्रकूटही आमचंच

ही भेट जिथे झाली असं मानतात ते चित्रकूट अर्धं उत्तर प्रदेशात, अर्धं मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात. सतना आमच्याच रेल्वेमार्गावर. कामदगिरीच्या परिक्रमेत भरत-मिलापाचं देऊळ लागतं. त्या भेटीने दगडसुद्धा विरघळले आणि पावलांचे ठसे उमटले, अशी तिथली श्रद्धा. कांचघरातून निघालेल्या कितीतरी मराठी आज्या मालिकेनंतर तिथे गेल्या आणि देवळात राम सोडून आधी भरत शोधू लागल्या.

अर्धी अयोध्या मराठी

दशरथ: बाळ धुरी. कौसल्या: जयश्री गडकर. हे दोघे खऱ्या आयुष्यातही पती-पत्नी. 'सांगत्ये ऐका'मध्ये फड गाजवणारी जयश्रीबाई इथे रामाची आई म्हणून इतकी शोभली की आमच्या आजीने तिच्या जुन्या तमाशापटांचं नाव घरात काढू दिलं नाही. मंथरा: ललिता पवार, येवल्याच्या. भरत मराठी. राजाराणी मराठी, कान फुंकणारी दासी मराठी आणि ज्याच्या नावाने कान फुंकले तो मुलगाही मराठी! जबलपूरच्या हिंदी शेजाऱ्यांसमोर आमची मान केवढी ताठ व्हायची, ते विचारू नका.

चित्रीकरण व्हायचं उंबरगावला. ते गुजरातेत, पण महाराष्ट्राच्या हद्दीला लागून.

शत्रुघ्नाचे बाबा कुठे होते?

मिथिलेत! शत्रुघ्न झालेले समीर राजडा हे मूलराज राजडांचे चिरंजीव आणि मूलराज राजडा झाले होते जनक राजा. वाल्मीकींच्या हिशेबाने शत्रुघ्नाची बायको श्रुतकीर्ती ही जनकाच्या भावाची, कुशध्वजाची मुलगी. म्हणजे सख्खे वडील पडद्यावर चुलत सासरे झाले. लग्नाच्या भागात एकाच मांडवात बाप वधूपक्षाकडून आणि लेक वरपक्षाकडून उभा.

आणि हे लक्षात घ्या, चार भावांची लग्नं झाली ती दोन सख्ख्या भावांच्या चार मुलींशी. सीता-ऊर्मिला जनकाच्या घरच्या, मांडवी-श्रुतकीर्ती कुशध्वजाच्या. अयोध्येत चार जावा आल्या त्या आधीच बहिणी होत्या. मला विचाराल तर या चौघींवर एक वेगळी मालिका व्हायला हवी. ऊर्मिलेची तर नक्कीच.

राहता राहिली रामाची बहीण. काही परंपरांमध्ये दशरथाला शांता नावाची मुलगी आहे, ऋष्यशृंगाशी लग्न झालेली. स्टार प्लसच्या 2015 च्या 'सिया के राम'मध्ये ती दिसली आणि माझ्यासारख्या बहिणींना फार बरं वाटलं.

वाली आणि सुग्रीव: एकच माणूस

एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोन भाऊ, आणि दोन्ही भूमिका श्यामसुंदर कलानींच्या. हुबेहूब दिसणारे दोघे, म्हणूनच तर रामाला बाण मारताना ओळख पटेना आणि सुग्रीवाच्या गळ्यात माळ घालावी लागली. एकाच नटाला दोघांची कामं देऊन सागरांनी मूळ कथेतली ही अडचण शब्दशः पडद्यावर आणली. त्या काळच्या तंत्रात एकाच माणसाची स्वतःशीच कुस्ती दाखवायची होती!

लंकेकडचे भाऊही मला तितकेच बघावेसे वाटतात. बिभीषण झाले होते मुकेश रावल, कुंभकर्ण नलिन दवे. एक भाऊ चूक सांगून निघून जातो. दुसरा तीच चूक तोंडावर सांगतो आणि तरी भावासाठी मरायला रणात उतरतो. दोघांपैकी खरा भाऊ कोण, हा वाद आमच्या गल्लीत भरत-लक्ष्मणापेक्षा जास्त चिघळायचा. माझं मत कुंभकर्णाच्या बाजूने. बिभीषण बरोबर होता हे मान्य, पण रडू कुंभकर्णाच्या वेळीच येतं.

खुद्द रावण, म्हणजे अरविंद त्रिवेदी, खऱ्या आयुष्यात धाकटे भाऊ. थोरले उपेंद्र त्रिवेदी गुजराती रंगभूमीचे आणि सिनेमाचे बडे नट. दोघांनी एकत्रही कामं केली.

संप झाला आणि लव-कुश आले

1988 च्या जुलैत मालिका रामाच्या राज्याभिषेकाशी थांबली. लव-कुश नाहीत, वाल्मीकींचा आश्रम नाही. पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी, जे वाल्मीकींना आपले मानतात, पुढची कथा दाखवा म्हणून संप केला. उत्तर रामायण आलं. पडद्यावरच्या दोन भावांसाठी लोकांनी झाडू खाली ठेवले, ही गोष्ट मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. ज्यांच्याकडे मागायला बाकी कितीतरी होतं, त्यांनी ही कथा मागितली.

आणि हे जुळे भाऊ कोण? कुश म्हणजे स्वप्निल जोशी आणि लव म्हणजे मयूरेश क्षेत्रमाडे. दोघेही मराठी पोरं! स्वप्निल तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. पुढे सागरांच्याच 'श्रीकृष्ण'मध्ये तो किशोरवयाचा कृष्ण झाला आणि त्यानंतरचं 'मुंबई-पुणे-मुंबई', 'दुनियादारी' सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच 'श्रीकृष्ण'मध्ये कृष्णाचा थोरला भाऊ बलराम झाले दीपक देऊळकर, म्हणजे निशिगंधा वाड यांचे यजमान.

महाभारतात जाऊन येऊ

घाईत जाऊन येऊ, कारण तिथे भावांनी एकमेकांचं काय केलं ते माहीतच आहे. 2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990, बी. आर. चोप्रा, 94 भाग. नकुल आणि सहदेव झाले होते समीर चित्रे आणि संजीव चित्रे, खरेखुरे भाऊ. बलराम सागर साळुंखे. कृष्ण नितीश भारद्वाज, पेशाने जनावरांचे डॉक्टर.

सगळ्यात भारी जोडी मात्र वेगळीच. शकुनी झालेले गुफी पेंटल आणि शिखंडी झालेले पेंटल हे सख्खे भाऊ. गुफींनी मालिकेसाठी नट निवडायचं कामही केलं. आणि शकुनी तरी कोण? बहिणीचं लग्न आंधळ्या राजाशी लावून दिलं म्हणून आयुष्यभर सूड पेटवत बसलेला भाऊ. त्याने कुळाचं वाटोळं केलं, पण आग लागली ती बहिणीवरच्या मायेतून.

टीव्हीच्या आधी

जबलपूरला हे भाऊ टीव्हीने दाखवले असं कुणी समजू नये. गोविंदगंजची रामलीला दीडशे वर्षांहून जुनी. धनुष्यभंग, वनगमन, भरत-मिलाप, सगळं ठरल्या दिवशी, ठरल्या थाटात. टीव्ही आल्यावर रामलीलेतल्या पोरांचे मुकुट आणि उपरणी पाहता पाहता सुनील लहरींसारखी झाली, बोलण्यातला फणकाराही तसाच.

मराठी घरांत तर त्याही आधी गीतरामायण होतं. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर, गदिमा आणि सुधीर फडके, 56 गाणी. भरताची समजूत घालणारं रामाचं गाणं त्यातलंच. बाबा गोलबाजारच्या दत्त मंदिरातून आले की तेच गुणगुणायचे. त्यामुळे मालिकेत भरत रडायला लागला की आमच्या घरात ते गाणं आपोआप सुरू व्हायचं, रवींद्र जैन यांच्या संगीतावर चढून!

टाळेबंदीतला राम

28 मार्च 2020. देश बंद. दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. 16 एप्रिलला 7.7 कोटी लोकांनी पाहिलं, असं दूरदर्शननेच जाहीर केलं. त्या दिवसांत सुनील लहरी चित्रीकरणाच्या आठवणी रोज छोट्या चित्रफितींतून सांगायचे. पोरांनी लक्ष्मणाच्या रागाचे विनोदी फोटो करून फोनवर फिरवले आणि माझ्या भाचीने मला विचारलं, "आत्या, हा चिडका कोण गं, एवढा भारी?" म्हटलं, दमोहचा आहे, आपला आहे. तीही त्या दिवसापासून लक्ष्मणाच्या पक्षात. दादाला फार लागलं ते, त्याचीच मुलगी!

22 जानेवारी 2024 ला अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेला गोविल, चिखलिया आणि लहरी तिघेही हजर होते. राम, सीता, लक्ष्मण एका ओळीत. दादाने मला फोन करून एवढंच विचारलं, "भरत दिसला असता ना गं शेजारी?"

तिसरा मराठी भरत

आता ताजी खबर. 1942 मध्ये विजय भट्टांनी 'भरत मिलाप' काढला, मराठीत 'भरत भेट'. त्यात कैकेयी दुर्गा खोटे आणि भरत झाले होते अहमदनगरचे शाहू मोडक. 1987 मध्ये भरत झाले संजय जोग. आणि नितेश तिवारींच्या येऊ घातलेल्या 'रामायण' चित्रपटात भरत कोण? आदिनाथ कोठारे! तिघेही मराठी. राम बदलले, पडदे बदलले, भरत मात्र आपल्याच घरून जातो. लक्ष्मण होणार आहे टीव्हीतूनच मोठा झालेला रवी दुबे. आणि 1987 चे राम, अरुण गोविल, या वेळी दशरथ आहेत.

दिग्दर्शक नितेश तिवारी इटारसीचे. जबलपूरहून मुंबईची गाडी धरली की इटारसी लागतंच. पहिला भाग 2026 च्या दिवाळीला येईल असं जाहीर झालं आहे. दिवाळी म्हटल्यावर भाऊबीज आली. दादाला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे, या वर्षी साडी नको, ओवाळणीत पहिल्या दिवसाची तिकिटं हवीत. भाचीसकट तीन.